व्याही, मासा आणि ऐंशीचा वेग

दातांच्या डॉक्टरांनी निवृत्त झाल्यावर नवी गाडी घेतली आणि घरच्यांना पळता भुई थोडी केली. गाडीच्या रंगाबद्दल किंवा सीटांबद्दल ते अवाक्षर काढत नसत. बोलायचे ते फक्त क्रूझ कंट्रोलबद्दल. "एकदा वेग लावून दिला की पाय काढून घ्यायचा. पुढचं गाडी बघून घेते," हे त्यांनी शेजाऱ्यांना ऐकवलं, पेपरवाल्याला ऐकवलं आणि चुकीचा नंबर लागून फोन आलेल्या एका बाईंनाही ऐकवलं.

खरं म्हणजे शोरूममधला मुलगा बटणं समजावून सांगत होता, तेव्हा डॉक्टर नुसतेच "हो, हो, आलं लक्षात" करत मान डोलवत होते. आयुष्य खुर्चीतल्या माणसाला समजावून सांगण्यात गेलेलं. दुसऱ्याकडून समजून घ्यायची वेळ आली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

बायकोने हे बरोबर हेरलं होतं. "दाखवा की एकदा चालवून," ती म्हणायची.

"ते असं गल्लीबोळात नाही चालत. मोकळा रस्ता लागतो."

"मग मोकळ्या रस्त्यावर जाऊ."

"जाऊ, जाऊ."

आणि एक दिवस मोकळा रस्ता आपणहून चालत आला. लेक आणि जावई दुसऱ्या शहरात राहायला गेले होते. सामान ट्रकमधून गेलं, पण जावयाचा लाडका सोनेरी मासा मागेच राहिला, जावयाच्या वडिलांकडे. आता त्याला पोचवायचं कोणी?

"मी नेतो," डॉक्टर म्हणाले. "माझ्या गाडीत त्याला कळणारसुद्धा नाही प्रवास झाल्याचं."

जावयाच्या वडिलांचा छापखाना होता. उंच, सडपातळ माणूस. नखांच्या कडांना कायमची शाई आणि तोंडात मोजके शब्द. ते म्हणाले, "बरणी धरायला कुणीतरी हवंच. मीही येतो."

या दोन व्याह्यांचं नातं फार गोड होतं, म्हणजे इतकं गोड की दोघांनाही त्याचा शीण यायचा. दारातून आत जायचं झालं तर "आधी तुम्ही", "छे छे, तुम्ही" करत दोघे उंबरठ्यावर ताटकळत, आणि शेवटी एखादी विहीण दोघांच्या मधून वाट काढून पुढे जाई. मुलांचं लग्न झाल्यापासून एकाने काही म्हटलं आणि दुसऱ्याने ते खोडून काढलं, असं एकदाही घडलं नव्हतं. डॉक्टरांना मनातून वाटायचं, या माणसाला आपण आवडतो की नाही कोण जाणे.

सकाळी निघाले. छापखानेवाले पुढच्या सीटवर, मांडीवर काचेची मोठी बरणी, बरणीत मासा आणि आत हवा जावी म्हणून बरणीच्या तोंडाला बांधलेलं पातळ फडकं. शहराबाहेरचा रुंद रस्ता लागला तसे डॉक्टर सावरून बसले.

"आता बघा हं, व्याहीबुवा." त्यांनी स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. समोर हिरवा दिवा लागला, ऐंशीचा आकडा उमटला. डॉक्टरांनी पाय मागे घेतला आणि गुडघ्यावर हात ठेवून, नाटकाचा पडदा उघडल्यासारखं, बाजूला पाहिलं.

"वा!" छापखानेवाले म्हणाले. "पण आपण समोर बघत असाल ना?"

"म्हणजे काय!" डॉक्टरांनी घाईघाईने मान वळवली.

बराच वेळ सगळं छान चाललं. डॉक्टर सांगत होते आणि छापखानेवाले "असं का", "कमाल आहे" म्हणत होते. मग शाळेच्या मुलांनी भरलेली एक बस शेजारून पुढे गेली. मुलांनी हात केले. मागोमाग जुन्या खटाऱ्यासारखी एक व्हॅन पुढे गेली. मग मोटरसायकलवरून एक आजोबा.

"लोक हल्ली किती पळवतात," डॉक्टर म्हणाले.

"हो ना," छापखानेवाले म्हणाले, आणि थोडं थांबून, "आपण अगदी निवांत चाललोय. छान वाटतंय."

ते "निवांत" डॉक्टरांना कुठेतरी टोचलं. त्यांनी वेगाच्या काट्याकडे पाहिलं. काटा पंचेचाळिसावर. आकडा मात्र ऐंशीचाच दिसत होता. नवीकोरी गाडी, आणि बिघडली! मग त्यांचं लक्ष समोर गेलं. पुढे विटांनी भरलेला एक ट्रक धापा टाकत चालला होता आणि त्यांची गाडी सभ्यपणे अंतर राखून त्याच्या मागे मागे जात होती. कधीपासून, देव जाणे.

"ट्रक आहे ना पुढे, म्हणून मुद्दामच," डॉक्टर म्हणाले.

"अर्थातच," छापखानेवाले म्हणाले.

तेवढ्यात ट्रकने दिवा दाखवला आणि तो बाजूच्या फाट्याला वळला. समोरचा रस्ता रिकामा झाला, आणि गाडीला जणू आपला ऐंशीचा आकडा आठवला. इंजिन गुरगुरलं, दोघांची पाठ सीटला टेकली, आणि बरणीतलं पाणी फडक्यातून उसळून छापखानेवाल्यांच्या पोटावर आलं.

डॉक्टर दचकले. "काही सांडलं का?"

"छे छे. थेंबभर."

डॉक्टरांना हायसं वाटलं, कारण ते समोर बघत होते.

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. डॉक्टरांनी ब्रेक दाबला, हिरवा दिवा गेला, आणि ते पायाने चालवत हळूहळू त्या खडबडीत रस्त्यातून बाहेर पडले. बाहेर पडताच त्यांना वाटलं, आता पुन्हा मघाचा वेग लावावा. त्यांनी "पुन्हा चालू" चं बटण दाबलं. गाडी चाळिसावर होती. तिने ऐंशीकडे अशी उडी घेतली, जणू कुणी मागून चिमटा काढलाय. पाणी पुन्हा पोटावर. मग एक लांबलचक वळण आलं. शेजारच्या लेनमधला टँकर वळणावर नेमका समोर आल्यासारखा दिसला आणि गाडीने आपणहून करकचून वेग कमी केला. या वेळी पाणी पुढे गेलं, गुडघ्यांवर. टँकर नजरेआड होताच गाडी परत सुसाट. पाणी परत पोटावर.

छापखानेवाले दोन्ही हातांनी बरणी घट्ट धरून बसले होते. मासा बरणीच्या तळाशी जाऊन स्थिर राहिला होता. त्या तिघांत तोच शहाणा.

"गाडीला जरा सवय व्हावी लागते रस्त्याची," डॉक्टर म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"होईल, होईल," छापखानेवाले म्हणाले.

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा डॉक्टर खाली उतरले आणि व्याह्यांचं दार उघडायला अदबीने पलीकडे गेले. छापखानेवाले बरणी सावरत उभे राहिले. त्यांची राखाडी पँट कमरेपासून घोट्यापर्यंत ओलीचिंब होती. बुटातून पाण्याचा आवाज येत होता. पलीकडच्या गाडीतल्या बाईंनी एकदा पाहिलं आणि दयाळूपणे मान फिरवली.

"अहो!" डॉक्टर ओरडलेच. "अहो, हे काय! बोलला का नाहीत?"

"तुमची नवी गाडी," छापखानेवाले म्हणाले. "तुम्ही इतक्या हौसेने सांगत होतात."

"म्हणून भिजत राहायचं?"

"आपलं नातं असं… बरं दिसत नाही काही म्हणणं."

"पण मी विचारलं होतं! तुम्ही म्हणालात थेंबभर!"

छापखानेवाल्यांनी आपल्या पँटकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि कसा कोण जाणे, त्यांचा तोल सुटला. "डॉक्टर, तुम्ही माझी दाढ काढलीत तेव्हाही विचारलं होतंत."

"मग? तेव्हा तर तुम्ही म्हणालात, काही कळलंसुद्धा नाही!"

"बधिरच झालं नव्हतं."

डॉक्टरांचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. "बधिर… झालं नव्हतं?"

"अजिबात नाही. मला डोळ्यांपुढे तारे दिसत होते. पण मुलाचं लग्न नुकतंच ठरलेलं. म्हटलं, कशाला उगीच."

डॉक्टर शेजारच्या कठड्यावर मटकन बसले. त्यांना त्या दिवशीची सगळी बैठक आठवली. आपण किती रुबाबात म्हणालो होतो, "बघा, दुखलं का?" आणि या माणसाने डोळ्यांत पाणी आणून मान हलवली होती. आपल्याला वाटलं, व्याह्यांना गहिवरून आलं!

ते त्यांनी मोठ्याने सांगितलं. "मला वाटलं, तुम्हाला गहिवरून आलं."

मग छापखानेवाले हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग बरणी हलली, मग ती खाली ठेवावी लागली. डॉक्टरांनी गंभीर राहायचा प्रयत्न केला, पण तो फार काळ टिकला नाही. दोन पिकल्या केसांची माणसं पेट्रोल पंपावर पोट धरून हसत होती आणि पंपावरचा माणूस नळी हातात धरून वाट पाहत होता.

"आता खरं सांगतो," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "मला हे क्रूझ कंट्रोल ओ की ठो कळलेलं नाही."

"ते मला त्या शाळेच्या बसपासूनच माहीत आहे."

पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्यांनी बेताबेताने बरणीत घातलं. डिकीतला टॉवेल छापखानेवाल्यांनी कमरेला गुंडाळला आणि पँट मागच्या खिडकीत वाळत घातली. मग दोघे असे कामाला लागले जणू गाडी त्यांनी त्याच क्षणी विकत घेतली होती. रस्ता मोकळा होता.

"लावा ऐंशी," छापखानेवाले म्हणाले. "आणि पाय ब्रेकजवळच असू द्या, कुठे गुडघ्यावर हात ठेवून बसू नका."

"ते दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसायला काय, तुम्ही दाखवतच होतात."

व्याह्यांची भीड चेपली होती आणि ती पुन्हा ताठ व्हायचं नाव घेत नव्हती. बरणीतलं पाणी बघून ते सांगत: पाणी पोटाकडे, म्हणजे वेग वाढतोय; गुडघ्यांकडे, म्हणजे कमी होतोय. पुढे वाहन असलं की गाडी त्याच्या चालीने चालते, पण आपला आकडा विसरत नाही; वाट मोकळी झाली की पुन्हा तोच आकडा गाठायला धावते. म्हणून पुढचा वळायला लागला की आपणच आधी आकडा खाली आणायचा. ब्रेक लावला की सगळं सुटतं, पण आकडा तिच्या पोटात राहतो. म्हणून खडबडीत रस्त्यातून निघाल्यावर आधी पायानेच वेग वाढवायचा आणि आकड्याजवळ पोचल्यावर बटण दाबायचं. वळणावर तिची नजर भलतीकडे जाते, तेव्हा क्रूझ कंट्रोल बंदच ठेवलेलं बरं. अंतराच्या बटणाने पुढच्या गाडीपासून जास्त लांब राहता येतं, हा शोध डॉक्टरांचा. त्यांनी तो जाहीर केला तेव्हा छापखानेवाले म्हणाले, "हे आधी सापडतं तर माझे बूट वाचले असते."

"म्हणजे गाडी काही बघून घेत नाही," डॉक्टर म्हणाले.

"वेग तेवढा सांभाळते. बघायचं आपल्यालाच."

"आणि मी साऱ्या गावाला काय सांगत सुटलोय!"

"त्या चुकीच्या नंबरवाल्या बाईंनासुद्धा. विहीणबाईंनी सांगितलंय आम्हाला."

तिकडे लेक आणि जावई इमारतीच्या खाली वाट बघत उभे होते. गाडी आली आणि दारं उघडायच्या आधीच आतून आवाज ऐकू आले.

"मी म्हणत होतो, ती गाडी उशिरा वेग कमी करते!"

"उशिरा नाही हो डॉक्टर, तुम्ही घाबरता लवकर!"

"मी घाबरतो? टॉवेल नेसून आलाय कोण?"

"तो कुणामुळे नेसलाय?"

लेकीने नवऱ्याचा हात धरला. "दोन्ही बाबांचं भांडण झालंय," ती हळूच म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता काय करायचं रे?"

जावयाने नुसतं बोट दाखवलं. त्याचे वडील टॉवेल सावरत, बरणी छातीशी धरून गाडीतून उतरत होते आणि त्याला वडिलांचं असं तोंडभर हसू आठवतच नव्हतं. मासा पाण्यात सावकाश गोल फिरत होता.

"बाबा, सगळं ठीक आहे ना?" लेकीने डॉक्टरांना विचारलं.

"काही ठीक नाही," डॉक्टर आनंदाने म्हणाले. "तुझ्या सासऱ्यांना गाडीतलं काडीचंही कळत नाही. परतीला तेच चालवणार आहेत."