बरोबर आपल्याकडे

‘बॅज चुकून सोर्सजवळ राहिला’ हे वाक्य रत्नाकरने तिसऱ्यांदा खोडलं आणि पुन्हा जसंच्या तसं लिहिलं. कंपनीला खुलासा रविवारी द्यायचा होता. सौदीतल्या जुबैलच्या प्लांटमध्ये पाइपांचे वेल्ड किरणोत्सर्गी सोर्सच्या गॅमा किरणांनी तपासणं हे त्याचं अठरा वर्षांचं काम. गेल्या महिन्यात त्याच्या छातीवरच्या, किरण मोजणाऱ्या बॅजने भलताच डोस दाखवला होता. बॅज खोटा ठरला तर नोकरी राहणार. खरा ठरला तर परवाना जाणार, इकामा म्हणजे राहण्याचा परवानाही खलास, आणि ईशाचं बारावीचं वर्ष अधांतरी. 

"बाबा, ऐक ना, फक्त पाच मिनिटं." ईशा लॅपटॉप घेऊन समोर बसली. शाळेत तिचं प्रेझेंटेशन होतं, आणि विषयही नेमका गॅमा किरणांचा! नशिबाला थट्टेचे मुहूर्त बरोब्बर सापडतात.

"या गॅलक्सीच्या मध्यभागी प्रचंड ब्लॅक होल आहे. त्याच्याजवळून दोन बाजूंना दोन जेट्स सुटतात. त्यातून हे गॅमा रेज."

"मग हीच एवढी प्रखर का?" त्याने उगाच विचारलं. लक्ष कागदावरच होतं.

"तीच तर गंमत! तिचं जेट बरोबर आपल्याकडे तोंड करून आहे. वी आर इन द लाइन. जरा बाजूला असतो ना, तर इतकी दिसलीच नसती."

रत्नाकरचं पेन थांबलं. 

गेल्या महिन्यातला तो मंगळवार. सोर्स पेटीत परत गेला असं धरून, मीटर न बघताच, त्याने परांचीवाल्या ताजुद्दीनला धोक्याच्या दोरीच्या आत बोलावलं होतं. फळी हलत होती म्हणून. नंतर सोर्स आत ओढायचं हँडल आणखी दीड वेढा फिरलं, तेव्हा त्याला कळलं होतं की सोर्स तोवर बाहेरच होता. कळलं होतं आणि त्याने ते गिळून टाकलं होतं. किरण सोडणारं शिशाचं तोंड त्यांच्याच दिशेला होतं.

परांची बांधणाऱ्याला बॅज देत नाहीत. ताजुद्दीनच्या अंगात काय गेलं, ते कुठल्याच कागदावर येणार नव्हतं; रत्नाकरचा बॅज खोटा ठरला, तर तेवढाही पुरावा उरणार नव्हता.

"बाबा, पुढे सांगू?"

"थांब जरा."

त्याने बाल्कनीत जाऊन फोन लावला. 

"ताजुद्दीनभाई, उस मंगल को तख्ता कसने के बाद आप कहाँ खडे थे?"

"आपके ठीक पीछे," ताजुद्दीन हसला. "धूप कितनी थी! आपकी परछाईं में खडा रहा, जब तक आपका काम चला. क्यों, क्या हुआ?"