'टेक'चा धडा आणि सैल पट्टा

मित्रांनो, खिडकीपाशी धूळ खात बसलेला जुना टेपरेकॉर्डर म्हणजे मीच. एकेकाळी माझा थाट वेगळा होता. संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरला, गुरुजींनी माझं बटण दाबलं, की खोली चिडीचूप होई.

माझ्यातल्या कॅसेटवर गुरुजींच्याच तरुण आवाजात 'टेक' या क्रियापदाचा धडा होता. आपण औषध घेतो, फोटो काढतो, परीक्षा देतो. इंग्रजीत या सगळ्या कामांना एकटं 'टेक' जुंपलेलं.

"बिचाऱ्याला रजा तरी मिळते का?" वर्गाला येणाऱ्या, इस्पितळातल्या आयामावशींनी एकदा विचारलं.

"रजा घ्यायलाही तेच लागतं, मावशी!" गुरुजी म्हणाले. वर्ग खो खो हसला.

पुढे कॅसेट फिरवणारा माझा पट्टा सैल झाला. शब्द लांबू लागले. मुलं ओरडत, "गुरुजी, म्हातारा पेंगला!" गुरुजींनाही माझी लाज वाटू लागली असावी. मावशी मात्र वर्ग सुटल्यावर माझ्याशेजारी बसत आणि माझ्यासारखाच एकेक शब्द लांबवून म्हणत.

"याच्या नादी लागू नका, मावशी. तुम्हीही रेंगाळाल," गुरुजींनी बजावलं.

"भराभर बोललेलं माझ्या डोक्यावरून जातं हो. हा बापडा थांबून सांगतो."

मावशींना एका वृद्ध परदेशी बाईंच्या सोबतीचं काम हवं होतं. इस्पितळातले जिने चढून-उतरून त्यांचे गुडघे पार धरले होते. हे काम हुकलं, तर पुन्हा तेच जिने. मुलाखतीला निघाल्या तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. माझ्यामुळे यांचं हसं होणार, या विचाराने मीही धास्तावलो.

मावशी परतल्या त्या दारातूनच ओरडत. "गुरुजी, मिळालं काम! बाईंना ऐकू कमी येतं. बाकीच्या पोरी फाडफाड बोलल्या, बाई आपल्या कानामागे हात धरून बसलेल्या. मी त्यांची गोळी पुढे करून म्हटलं, 'टेऽऽक युवर मेऽडिसिन.' तशी हसल्या आणि गोळी टाकली तोंडात!"

गुरुजींनी खिशातला रुमाल काढून मला हळूच पुसलं.

आता तो वर्ग नाही, माझा आवाजही नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी सावकाश बोलत असेल, तर त्याचं वाक्य मध्येच तोडू नका. ते पुरं होईपर्यंत शेजारी बसा.