साडूची लेन्स

माझ्या साडूने ती लेन्स घेतली तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय, हे आधीच सांगून टाकतो. डॉक्टरला दाखवण्यासारखं हे दुखणं नाही. साडू स्वतःच डॉक्टर आहे, दातांचा.

मी वर्तमानपत्राचा क्रीडा छायाचित्रकार. बावीस वर्षं मैदानाच्या कडेला गुडघे टेकून बसतोय. माझी लांब पल्ल्याची झूम लेन्स इतकी जुनी आहे की तिची रबरी कडी सैल पडलीय, ती मी चिकटपट्टीने बांधून ठेवतो. गोल जवळच्या टोकाला झाला तर फोटो मिळतो. पलीकडे झाला तर खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. मग संपादक दुसऱ्या पेपरातला फोटो माझ्या टेबलावर आणून ठेवतात. नवी लेन्स घ्यावी की नाही, यावर बायकोने आणि मी वर्षभर खल केला. तेवढ्या पैशांत घराला रंग लागून वर खिडक्याही बदलल्या असत्या. दरवेळी आम्ही "पुढच्या मोसमात बघू" म्हणून उठायचो.

आणि साडूने ती एका संध्याकाळी, दवाखान्यातून घरी जाता जाता, भाजी घ्यावी तशी घेतली. कशासाठी, तर रविवारी तळ्यावर पक्षी टिपायला.

पहिल्याच महिन्यात त्याने खंड्याचा फोटो काढला. चोचीतल्या माशाचे खवले मोजता यावेत इतका स्वच्छ. सासूबाईंनी तो मोठा करून दिवाणखान्यात लावला. तिथे आधी मी काढलेला अंतिम सामन्याचा फोटो होता. तो आता न्हाणीघराकडच्या बोळात गेलाय. कोणी आलं की सासूबाई म्हणायच्या, धाकट्या जावयाचा हात बघा. अहो, तो हात लेन्सचा आहे! हे मी एकदा जेवताना बोलून दाखवलं, तर बायकोने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

त्यानंतर आठवड्याभरात साडू कॅमेरा घेऊन आमच्याकडे आला. मी जाणकार, तर सगळी सेटिंग्ज एकदा नजरेखालून घालावीत, असं त्याचं म्हणणं. मी कॅमेरा आतल्या खोलीत नेला. त्याच्या मेनूत खूप आत एक जागा असते. लेन्सचा फोकस चुकत असेल तर तिथे आकडा बदलून तो पुढेमागे सरकवता येतो. हौशी माणसं तिथवर जात नाहीत. साडूचा आकडा शून्यावर होता, म्हणजे सगळं बिनचूक. मी तो उणे पंधरा केला.

आता त्याचा फोकस पक्ष्याच्या डोळ्याऐवजी त्याच्या पुढ्यातल्या पानावर पडणार होता. नकळत हातून घडलं वगैरे काही म्हणणार नाही, चांगला विचार करून केलं. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

मग दर रविवारी तो धुरकट फोटो पाठवायचा आणि मी त्याला धीर द्यायचो, सरावाने जमेल म्हणून. एकदा तळ्यावर त्याने ती लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावायला दिली. काय सांगू! पलीकडच्या काठावरचं बदक माझ्या मांडीवर येऊन बसलं जणू. पीस न् पीस लखलखीत. माझ्या कॅमेऱ्याचा आकडा मी कशाला बिघडवीन? साडूने तो फोटो बराच वेळ पाहिला. "म्हणजे लेन्स चांगली आहे," एवढंच म्हणाला. आता कंटाळून तो ती विकणार आणि मला स्वस्तात पडणार, असा हिशेब करत मी घरी आलो. बायकोला म्हटलं, रंगाचं जरा थांबव.

पुढच्या महिन्यात बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगायला लागली. साडूने दातांची बारीक कामं बंद केली होती. अवघड पेशंट तो दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवत होता. डोळे तपासून झाले, ते ठीक निघाले. आता नसांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. लेन्स चांगली म्हणजे आपला हातच थरथरत असणार, म्हणून त्याने दवाखाना भाड्याने द्यायची बोलणी चालवली होती. "आणि लेन्स तुम्हाला द्यायची म्हणतोय," ती म्हणाली. "रविवारी बोलावलंय."

रविवारी लेन्स तिच्या पिशवीत, टोपण लावून, त्याच्या टेबलावर ठेवलेली होती.

"साडूभाऊ, ही तुमच्याच हातात शोभते," तो म्हणाला. "माझा हात गेला आता."

हे वाक्य त्या घरात कोणीतरी म्हणावं म्हणून मी किती झुरलो होतो. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. मी पिशवीकडे हातही नेला. तेव्हा दिसलं की तो स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, कुणाला दिसू नयेत म्हणून.

मी त्याला कॅमेरा आणायला सांगितला. ती लेन्स चढवून त्याच्यासमोर मेनू उघडला, आत आत गेलो आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"हा शून्य होता. मी बदलला," मी म्हणालो. "तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

आकडा जागेवर आणून कॅमेरा त्याच्याकडे दिला. त्याने खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीचा फोटो काढला. मोठा करून पाहिला. चिमट्याची स्प्रिंगसुद्धा दिसत होती. मग कॅमेरा ठेवून त्याने हात पुढे धरले, बोटं पसरली आणि बघत राहिला. ती जराही हलत नव्हती.

तेवढ्यात मेहुणी कॉफी घेऊन आली, पाठोपाठ माझी बायको. आता माझी शोभा होणार म्हणून मी खाली मान घातली.

"कॅमेऱ्याचं सेटिंग बिघडलं होतं," साडू म्हणाला. "साडूभाऊंनी पकडलं."

मेहुणी खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू, म्हणाली. बायकोने माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की मी कॉफी तशीच खाली ठेवली. त्या घटकेला साडूचा मला जितका मत्सर वाटला, तितका खंड्याच्या फोटोनेही वाटला नव्हता. मी त्याच्या जागी असतो, तर सगळ्या नात्यात बोंब ठोकली असती.

निघताना लेन्स टेबलावरच राहिली. बायका दारात बोलत उभ्या होत्या. तो माझ्याबरोबर जिना उतरून खाली आला.

"का केलंत?"

"मला हवी होती ती."

"मग मागायची," तो म्हणाला. "दिली असती."

दिली असती, अगदी हसत दिली असती. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर मागितली नव्हती.