ओटीतला राणीछाप

मुकुंदराव हुदलीकरांनी आपल्या नाण्यांची विक्रीयादी केली, तेव्हा ती एकतीस वर्षांच्या इतिहासाच्या मास्तरकीला शोभेल अशीच झाली. चाळीस नाणी, दोन पदके, निजामाच्या राज्यातली एक नोट आणि बावीस तळटीपा. पहिल्या क्रमांकावर विजापूरची लारी होती, म्हणजे चांदीची दुमडलेली तार. तिच्याखाली टीप होती : ‘हा केसांचा आकडा नव्हे, नाणे आहे.’ यादीच्या अकरा प्रती त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या आणि धारवाडहून अकरा संग्राहकांना टपालाने पाठवल्या. नऊ जणांनी उत्तर दिले नाही. दहाव्याने सातव्या तळटिपेतली चूक दाखवली. अकरावे हुबळीचे गोविंदशेट तासगावकर, दाजीबानपेठेतले कापडाचे ठोक व्यापारी. त्यांनी लिहिले, ‘रविवारी सकाळच्या गाडीने सहकुटुंब येतो. दुतोंडी रुपया तयार ठेवावा. खरा असल्यास दीडशे देईन. बाकीचे बघू.’

दुतोंडी म्हणजे एक राणीछाप रुपया. टाकसाळीत कधीतरी एक रुपया साच्यालाच चिकटून राहिला आणि पुढचा त्याच्यावर दाबला गेला. त्यामुळे ह्या रुपयाच्या एका अंगाला राणीचा मुखडा नेहमीसारखा उठलेला, आणि दुसऱ्या अंगाला तोच मुखडा उलटा, आत खचलेला. सरकारची एवढी स्पष्ट चूक हातात धरायला मिळते, म्हणून मुकुंदरावांचा त्याच्यावर फार जीव होता.

तरी ते तो विकत होते. घरी त्यांनी सांगितले होते की कपाटात जागा हवी.

“जागेत काय ठेवणार आहात?” वेणूबाईंनी विचारले होते.

“जागा हवी म्हणजे हवी.”

“बरं,” वेणूबाई म्हणाल्या. त्यांना सगळे ठाऊक होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नवऱ्याला त्या आता खोकल्यावरून ओळखत आणि भाजी वासावरून. मिरजेच्या दवाखान्यात डोळे करून घ्यायचे, तर गाडीभाडे, तिथले राहणे आणि औषधपाणी धरून खर्च शंभराच्या पुढे जात होता, आणि पेन्शन त्याच्या बरीच अलीकडे थांबत होती. बाकीच्या बेचाळीस जिनसांचे मिळून मिरजेचे तिकीट निघाले असते, तेही जायचे. दुतोंडी गेला तरच वेणूबाईंचे डोळे होणार होते.

त्याच आठवड्यात मळमड्डीत, म्हणजे त्यांच्याच वस्तीत, दोन घरे फुटली. मुकुंदरावांनी विचार करून दुतोंडी कपाटातून काढला आणि देवघरातल्या पितळी डबीत, चार साध्या रुपयांबरोबर ठेवला. देवघराला चोर हात लावत नाहीत, असे त्यांचे मत होते. ह्या मताला तळटीप नव्हती. वेणूबाई त्या डबीत रुपये कशासाठी ठेवतात, हे मात्र पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी विचारले नव्हते.

रविवारी गोविंदशेट आले. मागून त्यांच्या पत्नी हेमावतीबाई, चाळिशीच्या, ठसठशीत. त्या सरळ आत गेल्या. बाहेर शेटजी जाजमावर बसले आणि भिंग काढून एकेक नाणे नाकाशी नेऊ लागले.

“हे झिजलंय की, मास्तर.”

“तीनशे वर्षांचं आहे.”

“म्हणून काय झालं? आमच्या दुकानात तीन वर्षांचं धोतर झिजलं तर गिऱ्हाईक परत आणतंय.” त्यांनी पदक उचलले. “आणि हे कसलं?”

“कुस्तीचं. संस्थानातलं. दुसरा नंबर.”

“पडलेल्याचं पदक घेऊन मी काय करू? ते राहू दे. मुख्य पाहुण्याला आणा.”

मुकुंदराव उठून देवघरात गेले. डबी उघडली. आत चार रुपये होते. चारही वर नेऊन उजेडात पाहिले. चारही अगदी निर्दोष होते.

“अगं,” ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, “डबीतला रुपया?”

“घेतला की मी एक.”

“कुठला?”

“राणीछाप. अंगठ्यानं तिचा अंबाडा चाचपून काढला. तिच्यामागून आलेल्या टकल्या राजाचा रुपया ओटीत घालत नाहीत. मागच्या बाजूला खळगा लागला, म्हटलं झिजला असेल.”

“ओटीत?”

“मग? पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण, तशीच पाठवू? बिचारीला माहेर नाही. आई-बाप, भाऊ, कोणी म्हणून नाही. सांगताना रडली हो. खण, नारळ, तांदूळ, सगळं घातलं. रुपया तेवढा नको घालू?”

मुकुंदराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. दक्षिणेतली कितीतरी राज्ये बुडाल्याचे त्यांनी मुलांना शिकवले होते; पण बुडताना आतून कसे वाटते, हे त्यांना प्रथमच कळले. मग तो रुपया कुठला होता, ते त्यांनी वेणूबाईंना सांगितले. फार हळू सांगितले. वेणूबाईंनी पदराने डोळे पुसले, ज्यांचा तसाही उपयोग नव्हता.

बाहेर येऊन त्यांनी शेटजींनाही खरे ते सांगितले. गोविंदशेटांनी हाक मारली. हेमावतीबाई ओटी सावरत बाहेर आल्या. त्यांचे कुंकू कपाळाच्या मधोमध नव्हते, डाव्या भुवईवर होते. त्यांनी ते तसेच ठेवले होते.

शेटजींनी ओटीत बोटे घातली, रुपया काढला, भिंग लावले आणि बराच वेळ श्वास घेतला नाही.

“खरा आहे!” ते म्हणाले. “झालं तर मग. रुपया मिळाला. हे घ्या दीडशे.”

“पैसे घेऊ नका!” वेणूबाई आतून ओरडल्या. पस्तीस वर्षांत परक्या माणसासमोर त्यांचा आवाज चढला नव्हता. “ओटीचे पैसे घेतात का कुठं?”

“मग परत घ्या, आणि मला विका,” शेटजी म्हणाले.

“भरलेली ओटी परत?” हेमावतीबाई म्हणाल्या. “माझी? बोलायला काही वाटतं का?”

“अगं, पण दीडशेचा माल आहे तो! फुकट कसा न्यायचा?”

“तुम्ही कुठं नेताय? माझ्या ओटीतला आहे. द्या इकडं.” त्यांनी रुपया नवऱ्याच्या चिमटीतून काढून घेतला.

“मग मला तू वीक.”

“माहेरची ओटी विकू? नवऱ्याला?”

वीस वर्षे दुतोंडी शोधणारे गोविंदशेट आणि तो बाळगणारे मुकुंदराव एकमेकांकडे पाहत राहिले. व्यवहार अडला होता आणि अडवणाऱ्या दोन्ही बायांचे म्हणणे बिनतोड होते.

हेमावतीबाई जाजमाच्या कडेला बसल्या. “मास्तर, एवढी जपलेली वस्तू विकायला का काढलीत?”

“कपाटात जागा—”

“वहिनींनी कुंकू लावलं तेव्हाच मला कळलं. डोळ्यांसाठी ना?”

मुकुंदरावांना तळटीप सुचली नाही. त्यांनी मान हलवली.

“मिरजेला कधी जायचं?”

“आता कसलं जाणं.”

“का? वहिनीनं ओटी भरली, म्हणजे हे माझं माहेर झालं. भावजयीचे डोळे गेलेत आणि नणंद काय दाजीबानपेठेत गादीवर बसून राहील? बुधवारी निघू. मी येते बरोबर. खर्च आमचा.”

“नाही, नाही,” मुकुंदराव उठले. “असं दान आम्ही—”

“दान परक्याला देतात, अण्णा.” हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला, आणि इतक्या सहज, की मुकुंदराव परत खाली बसले. “मला भाऊ नव्हता, तोवर गोष्ट वेगळी. आता आहे, तर त्यानं तरी माझं ऐकावं. हे तर कधीच ऐकत नाहीत.”

“ऐकतो की,” गोविंदशेट खिन्नपणे म्हणाले. “मास्तर, ऐकून टाका. मी गेली बावीस वर्षं तेच करतोय.”

बुधवारी ते गेले. हेमावतीबाई सतरा दिवस मिरजेत राहिल्या. भाड्याच्या खोलीत चुलीवर मऊ भात केला, वेणूबाईंना भरवला, आणि त्यांनी मान हलवली की “हलू नका, वहिनी, शेट लोकांचा पैसा गेलाय” म्हणून दटावले. पट्टी निघाली, जाड चष्मा आला. वेणूबाईंनी आधी हेमावतीबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरून खूप वेळ पाहिला. मग नवऱ्याकडे वळल्या.

“अगबाई, तुम्ही कधी इतके म्हातारे झालात?”

“तू बघत नव्हतीस तेव्हा,” मुकुंदराव म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन काही वेळ बाहेरच्या कडुलिंबाची पाने मोजत उभे राहिले.

आभाराचे पत्र मात्र त्यांना जमेना. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे तपासलेल्या माणसाने पाच कागद फाडले. ‘उपकार’ लिहिले की हेमावतीबाई रागावतील असे वाटे, आणि न लिहिले की पत्रात काहीच उरत नसे. वेणूबाई आता चष्म्यातून त्यांचे अक्षर वाचत आणि म्हणत, “हे अर्जासारखं झालंय.”

श्रावण लागला. पंचमी चार दिवसांवर आली. ह्या मुलखात पंचमीला भाऊ बहिणीला न्यायला जातो. घरोघरी लाडू वळतात, झोके बांधतात. वेणूबाईंनी लाडू वळले, एकेक डोळ्यासमोर धरून गोल आहे की नाही ते पाहत. मुकुंदराव काही न बोलता रुमाल बांधून स्टेशनावर गेले.

दाजीबानपेठेतल्या दुकानात गुमास्त्याने विचारले, “काय दाखवू? धोतरजोडी? कोटाचं कापड?”

“काही नको,” सत्तावन्न वर्षांचे मुकुंदराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गात कधी फुटला नव्हता तसा फुटला. “बहिणीला पंचमीला न्यायला आलोय.”

गादीवरचे गोविंदशेट उठून उभे राहिले. वर घरात निरोप गेला. वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. शेटजींनी मुकुंदरावांना जवळ बसवून घेतले.

“मास्तर, एक काम करा. तुम्ही भाऊ, तुमचं ऐकेल. दुतोंडी तिच्या पेटीत आहे. मला अमावास्येला एकदा दाखवते, तोही लांबून. म्हणावं, जाताना तेवढी किल्ली ठेवून जा.”

हेमावतीबाई जिना उतरून आल्या. नवे लुगडे, हातात बोचके, डोळे लाल. त्यांनी मुकुंदरावांना वाकून नमस्कार केला.

“अण्णा, उशीर झाला. न्यायला कोणी येईल अशी सवयच नाही.”

“किल्ली—” शेटजींनी कोपर मारले.

मुकुंदरावांनी बहिणीच्या हातातले बोचके घेतले. “चल,” ते म्हणाले. “वहिनी दारात उभी असेल. आता तिला लांबूनही दिसतं.”