सुपडू शिंप्यानं शिवलेलं थान

आधी हसून घ्या. मी एक कापडी थान बोलतंय, म्हणजे कापसानं भरलेला बाईचा स्तन. हसू ओसरल्याशिवाय माझं कुणी ऐकत नाही, हे मला माहीत आहे.

फैजपूरच्या सुपडूभाऊंच्या मशीनवर माझा जन्म झाला. दूर दक्षिणेत डॉक्टरकी शिकून गावी परतलेल्या शैलाताई भिरूड यांनी तपकिरी पॉपलिन आणि पिंजलेला कापूस त्यांच्यापुढे ठेवला आणि काय शिवायचं ते सांगितलं. सुपडूभाऊंनी मान वर केली नाही. कुणी विचारलं तर टाचण्यांची गादी म्हणून सांगा, एवढंच विनवलं.

ताई मला पिशवीत घालून खेडोपाडी फिरत आणि माझ्यावर दाखवून बायकांना सांगत. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही जायला हवा. पहिला पिवळट चीक सांडू नका. बायका पदराआड हसत आणि मला हातोहात फिरवत. "डॉक्टरताई, जोडीचं दुसरं कुठी ठेवलं व?" असंही एखादी विचारी.

अशाच एका ओट्यावर तानुबाई आली. सोबत सासू धुरपदाबाई, मांडीवर तीन महिन्यांची लेक, वाळून काटकी झालेली. तानुबाईचं दूध आटलं होतं. सासूनं नजर काढून पाहिली, चुलीत मीठमिरच्या जाळल्या. शेवटी एका डॉक्टरनं लिहून दिलं म्हणून बाटलीतून पावडरचं दूध सुरू केलं, तर पोरीला जुलाब लागले.

मी तानुबाईच्या हातात आलं. ती मला घट्ट दाबून बसली. सासूकडे न पाहता तिनं विचारलं, "ताई, पाळणा लांबवायच्या गोळीनं दूध आटतं का?"

ओट्यावरच्या बायका पुढे सरकल्या. थोरल्या मुलानंतर लगेच ही पोटात राहिली आणि बाळंतपणात तानुबाई मरता मरता वाचली. म्हणून तिनं शहरातल्या एका डॉक्टरांकडून गोळ्या आणून डाळीच्या डब्यात लपवल्या होत्या. सासूला सांगावं तर गोळ्या चुलीत जातील, न सांगावं तर लेक जाईल.

ताई म्हणाल्या, काही गोळ्यांनी आटतं. त्या आजपासून बंद. पोरीला रात्रंदिवस छातीशी लावा, दूध परत येईल.

"अंगावर पाजलं का दिवस जात नाहीत," धुरपदाबाई म्हणाल्या. "गोळ्या कायले?"

ते अर्धंच खरं आहे, असं ताईंनी समजावलं. मूल सहा महिन्यांच्या आतलं हवं, फक्त अंगावर पिणारं हवं आणि पाळी आलेली नको. बाटली शिरली की तो भरवसा उरत नाही. त्यापेक्षा दवाखान्यात गर्भाशयात तांबी बसवून घ्या, तिनं दुधाला काही होत नाही.

धुरपदाबाई सुनेकडे वळल्या.

"मी दुष्मन व्हती का व तुही? आधी सांगाले काय झालं व्हतं? मिरच्या तरी वाचल्या असत्या." मग उठता उठता म्हणाल्या, "लोटनशी मी बोलीन. नवरा तुहा असला तरी पोरगा माहा हाये."

तांबी बसली. दूधही हळूहळू परत आलं.

पुढे जळगावला डॉक्टरांची सभा भरली. मला टेबलावर ठेवताच खसखस पिकली. ताईंनी नाव न घेता तानुबाईची हकीकत सांगितली. त्यांचा आवाज चढला होता. "एक डॉक्टर पाळणा लांबवतो, दुसरा दूध आटलं म्हणून पावडर लिहून देतो. बाई तर एकच असते."

सभा संपल्यावर एक पोक्त डॉक्टर जवळ आले. "मूल अंगावर पितं का, हे मी कधी विचारतच नाही," ते म्हणाले. तानुबाईला गोळ्या देणारे हेच का, ते ताईंनी विचारलं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला कोणती गोळी चालते आणि कोणती नाही, ते मात्र नीट समजावून दिलं.

आता माझी शिवण उसवली आहे, कापूस डोकावतो. तरी ताईंची पिशवी सुटलेली नाही. डॉक्टरसाहेब, चिठ्ठी लिहिण्याआधी बाईच्या मांडीवरच्या बाळाकडे एकदा बघा. आणि सासूबाई, तुमच्या सुनेनं असा प्रश्न चार बायकांत, माझ्या आडून का विचारावा? तिला तो घरातच विचारता येऊ द्या. मग मला खुशाल टाचण्या टोचा.