तोंड धुतल्यावरचा फोटो

तानाबाई दवाखान्यात वारली हे उचगावात सकाळी नऊला कळलं, आणि तिचा नवरा केरबा माती करून परत येईपर्यंत चौकात तिच्या फोटोचं डिजिटल बॅनर लागलंही होतं. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली भुताच्या सिनेमातलं तिचं तोंड. डोळे पांढरे, ओठांतून हनुवटीवर ओघळलेलं काळं. केरबा तिथंच थांबला.

ते काळं म्हणजे काकवी. चाळीस वर्षांमागं कोल्हापुरात शूटिंग होतं. हिरॉइन ती तोंडात घेऊन ओकायला तयार होईना, म्हणून पाणी भरायला आलेल्या तानाबाईला तिच्यासारखी रंगवून उभी केली. काकवीत केळं कुस्करून अकरा वेळा ओकायला लावलं. त्यानंतर तिनं कधी गुळाचा चहा घेतला नाही की कुणाला फोटो काढू दिला नाही. सिनेमा मात्र काही मरेना. थिएटरातून टीव्हीवर आला, तिथून मोबाइलवर. आज्यानं बघितला, नातवानं बघितला, आणि दोघंही बाजारात तिला गाठून म्हणायचे, “मावशी, एकदा ओकून दाखवा की.”

डिजिटल लावणाऱ्या तालीम मंडळाचा अध्यक्ष अमरसिंह हात जोडून पुढं आला.

“काका, लोक गाड्या थांबवून बघत्यात. काकूंचा मान हाय ह्यो.”

“ओकारीचा मान? तुझ्या आईचा लाव की असला.”

अमरसिंहनं मान खाली घातली. “दुसरा फोटो द्या, आत्ता बदलतो.”

दुसरा नव्हताच. नाइलाजानं काढलेला आधार कार्डावरचा मोठा केला तर नुसता काळा डाग दिसत होता.

“शेवटाला भूत उतरल्यावर तोंड धुतल्यालं दावत्यात न्हवं? त्यो काढू,” म्हणत अमरसिंहनं मोबाइल पुढं धरला.

केरबानं तो सिनेमा कधी बघितला नव्हता. आता कट्ट्यावर बसून बघितला. सिनेमा पुढं सरकवताना ओकारी आलीच. मागं उभी असलेली तालमीतली दोन पोरं सवयीनं हसली आणि लगेच गप्प झाली. मग भूत उतरलं. बाईनं ओंजळीनं तोंड धुतलं, वर बघितलं. गोरं, नितळ तोंड. हिरॉइनचं.

“ही न्हवं,” केरबा म्हणाला. “ओकायला माझी, आणि धुतल्यावर ही.”

अमरसिंहनं दोऱ्या कापल्या आणि डिजिटल गुंडाळून नेलं.

बाराव्याला फोटोच्या जागी नुसता नारळ ठेवून भागवलं. भिंतीला खिळा मारून ठेवलाय. फोटो लावायचा राहिलाय.