पाहिलेला नाही

मॅरिटने फोटो ड्वेनच्या टेबलावर एकेक करून मांडले. जिन्यातली रंगीत काच, छपराखालच्या माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या, आईने रंगाचे थरावर थर खरवडून मोकळा केलेला अक्रोडी कठडा.

ड्वेन शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. आता तो नगरपालिकेत वारसा वस्तीची, म्हणजे जुन्या घरांच्या संरक्षित भागाची, कागदपत्रं सांभाळत होता.

"वस्तीच्या नियमांपायी तुझ्या आईने माझ्या बापाला दाराचा रंग तीनदा बदलायला लावला," तो म्हणाला. "म्हातारा शेवटपर्यंत तिला शिव्या घालायचा. पण दार हिरवंच ठेवलं."

आई फेब्रुवारीत गेली. एप्रिलमध्ये मॅरिटने घर शेजारच्या दातांच्या डॉक्टरला विकलं, तेही निर्धास्तपणे. वारसा वस्तीतलं घर पाडता येत नाही, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. आता डॉक्टरला तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. घर पाडायच्या त्याच्या अर्जावर गुरुवारी वारसा समितीपुढे सुनावणी होती. तो अर्ज फेटाळला जावा, एवढ्यासाठी ती डेन्व्हरहून दोन दिवस गाडी चालवत आयोवात आली होती.

वस्तीतलं प्रत्येक घर जतनयोग्य नसतं, असं ड्वेनने सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली गावातल्या बायकांनी घराघराची कार्डं भरली होती. कार्डावर 'नाही' असेल, तर समितीला काही करता येत नाही. मग जरा घुटमळून त्याने एक पिवळं कार्ड पुढे सरकवलं.

अक्षर आईचं होतं.

'पुढचा व्हरांडा भिंती घालून बंद केलेला. मूळ रूप हरवले. जतनयोग्य नाही.'

तो व्हरांडा वडिलांनी बंद केला होता, मॅरिटसाठी. लहानपणी दम्यामुळे तिला जिना चढवत नव्हता. दोन हिवाळे ती तिथेच झोपली होती.

"आमचंच घर होतं ना हे," ती म्हणाली.

"बाकीच्या बायकाही तेच म्हणाल्या. स्वतःला सूट दिली तर गल्लीत कुणाला काय तोंडाने सांगू, असं तुझी आई म्हणाली."

सर्वेक्षण फुटपाथवर उभं राहून करायचं, कुणाच्या दारात पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. 'आतील भाग' या रकान्यात आईने लिहिलं होतं, 'पाहिलेला नाही.' मॅरिटने त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

ड्वेनने उठून दार लोटलं. भिंतींच्या आत व्हरांड्याचे मूळ खांब शाबूत आहेत असं कुणी शपथेवर सांगितलं, तर समिती कार्ड नव्याने तपासू शकते, असं तो म्हणाला. मग आवाज आणखी खाली आणला.

"भिंत फोडून बघायला कुणी जाणार नाही, मॅरिट. आहेत म्हण."

बाहेर कुणीतरी जिना उतरून गेलं.

"बाबांनी ते कापले," ती म्हणाली. "त्याच हिवाळ्यात शेगडीत जाळले."

"हे मला ऐकायचं नव्हतं."

तिने कार्ड फिरवून त्याच्याकडे केलं आणि त्यावर पेन ठेवलं.

"खाली जागा आहे," ती म्हणाली. "खांबांचं काय झालं, तेही लिहून ठेव."